चटणीच्या दिवशी लेन्स नाही

कोल्हापुरात चष्मा नकोसा व्हायला कारणं शोधावी लागत नाहीत. जुलैत राजारामपुरीतून दुचाकीवरून घरी यायचं म्हटलं की हेल्मेटची काच बाहेरून भिजते आणि चष्म्याची आतून धुरकटते. पांढऱ्या रश्श्याच्या वाटीवर वाकलं की समोर बसलेला माणूस दिसेनासा होतो. तालमीत लाल मातीत उतरणाऱ्या पोराला चष्मा काढूनच उतरावं लागतं. आणि फुटबॉल आहेच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की पेठापेठांतली माणसं कामधंदा सोडून गॅलरीत येतात. ते बघत मोठी झालेली पोरं-पोरी गल्लीबोळात, कॉलेजच्या मैदानावर बॉल घेऊन पळत असतात. त्यातल्या किती जणांना पलीकडचा गोलपोस्ट नीट दिसतो, हे त्यांना कुणी विचारत नाही.

माझ्या भाचीला दिसत नव्हता. तिचा नंबर उणे सहा. उणे सहाच्या डोळ्याचं बिनचष्म्याचं स्पष्ट जग सोळा-सतरा सेंटिमीटरवर संपतं, म्हणजे वितीच्याही आत. बाकी सगळे रंगाचे ढग. कॉलेजच्या संघात ही पोरगी उजव्या बाजूनं खेळायची आणि चष्मा बाकावर काढून ठेवायची. "मी अंदाजानंच मारतो की गं मावशी," ती सांगायची, "जर्सीच्या रंगावरनं कळतंय कोण आपलं ते." ऐकून माझ्या पोटात गोळा आला होता. इतक्या नंबराच्या पोरीनं असं अंदाजानं खेळणं मला बघवत नव्हतं. मी स्वतः कॉलेजच्या दिवसांपासून कॉन्टॅक्ट लेन्स वापरते, म्हणून बहीण म्हणाली, तूच घेऊन जा तिला.

आपल्याकडे बरीच माणसं फ्रेम बघायला जावं तशी लेन्स बघायला थेट दुकानात जातात. काउंटरवर पहिला प्रश्न किमतीचा, दुसरा रंगाचा. माझं म्हणणं, दुकान नंतर. आधी डोळ्यांच्या दवाखान्यात जावं, आणि तिथं नुसता नंबर काढून परत फिरू नये. भाचीला डॉक्टर बाईंनी स्लिट लॅम्पसमोर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रासमोर, बसवलं, हनुवटी टेकवायला लावली आणि पापण्या उलटून बघितल्या. डोळ्यात केशरी रंगाचा थेंब टाकून निळ्या प्रकाशात अश्रूंचा थर किती वेळ टिकतो ते पाहिलं. दुसऱ्या यंत्रानं बुबुळाची गोलाई मोजली. मग त्यांनी जे प्रश्न विचारले ते मला फार आवडले. गाडी चालवतेस का? दुपारी झोपतेस का? पोहायला कुठं जातेस? डोळे चोळायची सवय आहे का? घरात चटणी करता का? चटणी म्हणजे आपलं लाल मिरचीचं तिखट. या शेवटच्या प्रश्नावर भाची हसली. त्याचं महत्त्व तिला पुढं मे महिन्यात कळलं.

डोळे चोळण्याचा प्रश्नही वरवरचा नव्हता. ॲलर्जीनं सतत डोळे चोळणाऱ्या काही मुलांमध्ये बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढं येतो. त्याला केरॅटोकोनस म्हणतात. अशा डोळ्याला साधी मऊ लेन्स बहुधा पुरत नाही, हवा आत जाऊ देणारी कडक लेन्स किंवा पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी स्क्लेरल लेन्स लागते. हे दुकानाच्या काउंटरवर कळत नाही.

चष्म्याचा कागद लेन्सला चालत नाही, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढं असते, लेन्स थेट डोळ्यावर बसते. नंबर चारच्या आत असेल तर या अंतरानं फारसं बिघडत नाही. त्यापुढं मात्र बिघडतं. उणे सहाचा चष्मा असणाऱ्याला लेन्स साडेपाचच्या आसपास लागते. अधिक सहावाल्याचं उलट, त्याला साडेसहाची लागते. चष्म्याचा नंबर जसाच्या तसा ऑनलाइन टाकून लेन्स मागवणाऱ्यांची डोकेदुखी कित्येकदा इथंच सुरू होते. शिवाय सिलिंडर असेल, म्हणजे उभ्या-आडव्या दिशांना नंबर वेगळा असेल, तर तो फरक भरून काढणारी टोरिक लेन्स लागते. ती डोळ्यावर फिरून चालत नाही, म्हणून बऱ्याच टोरिक लेन्स खालच्या बाजूला किंचित जाड ठेवलेल्या असतात. पापण्यांची उघडझाप होत राहते आणि लेन्स पुन्हा आपल्या जागी येते.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यात रक्तवाहिन्या नसतात, असत्या तर आपल्याला आरपार दिसलंच नसतं. मग त्याला प्राणवायू कुठून मिळतो? उघड्या डोळ्याला थेट हवेतून, अश्रूंच्या थरात विरघळून. डोळे मिटले की ही हवा तुटते आणि पापणीच्या आतल्या रक्तवाहिन्यांमधून मिळेल तेवढ्यावर भागवावं लागतं. म्हणजे उघड्या डोळ्यापुढं जिथं २१ टक्के प्राणवायू असतो, तिथं मिटलेल्या डोळ्यात तो आठेक टक्क्यांवर येतो. त्यात वर लेन्सही असेल तर कॉर्निया सुजतो. वर्षानुवर्षं असं चाललं तर पांढऱ्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या हवेच्या ओढीनं बुबुळाच्या कडेवर सरकायला लागतात. दुपारी झोपतेस का, हे विचारण्यामागं हे होतं. जेवणानंतरची तासाभराची डुलकी आपल्याकडे झोप म्हणून मोजलीच जात नाही, पण डोळा मिटला तो मिटलाच. लेन्स लावून झोपण्यानं डोळ्याला जंतुसंसर्ग होण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

लेन्सचा इतिहास बघितला तर तो या हवेचाच आहे. पहिल्या लेन्स काचेच्या होत्या. झुरिकमधल्या अडॉल्फ फिक या डॉक्टरांनी १८८८ साली त्यांची माहिती प्रसिद्ध केली. आधी सशांच्या डोळ्यांवर, मग स्वतःच्या, मग रुग्णांच्या. पांढऱ्या भागापर्यंत पसरलेल्या त्या जड काचा तास-दोन तासांच्या वर सहन होत नसत. १९४८ च्या सुमारास केव्हिन टूही यांनी अमेरिकेत फक्त कॉर्नियावर बसणारी प्लास्टिकची छोटी लेन्स केली. ती हलकी होती, पण हवा तिच्यातूनही जात नव्हती. मग आले चेकोस्लोव्हाकियाचे रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टरले. त्यांनी आणि द्राहोस्लाव लिम यांनी एक असा पदार्थ तयार केला होता, जो कोरडा असताना कडक असतो आणि पाणी प्यायला की मऊ, लवचिक होतो. पण त्यातून लेन्सच्या नेमक्या आकाराच्या, गुळगुळीत कडेच्या चकत्या निघत नव्हत्या. या कामामागचं सरकारी पाठबळही थांबलं होतं. १९६१ च्या नाताळात विख्टरलेंनी घरातल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर मुलांच्या 'मेर्कुर' या जोडणीच्या खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो घेऊन एक यंत्र उभं केलं. फिरत्या साच्यात द्रव टाकायचा, तो वेगानं कडेला चढतो आणि त्याच आकारात घट्ट होतो. उद्यमनगरात लेथवर आयुष्य घालवलेल्या माझ्या वडिलांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते कितीतरी वेळ त्या यंत्राबद्दलच विचारत राहिले. साचा कशाचा होता, फेरे किती, कड कशी साफ केली. अमेरिकेत १९७१ साली परवानगी मिळाल्यावर सॉफ्ट लेन्स जगभर गेली.

विख्टरलेंच्या मऊ पदार्थातून, म्हणजे हायड्रोजेलमधून, प्राणवायू जातो तो त्यातल्या पाण्यातून. त्यामुळे बराच काळ जास्त पाणी म्हणजे जास्त हवा असं समीकरण होतं. १९९९ च्या सुमारास सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्स बाजारात आल्या आणि ते मोडलं, कारण सिलिकॉन स्वतःच हवा जाऊ देतं. म्हणून खोक्यावर पाण्याची टक्केवारी मोठी दिसली की लेन्स चांगली, असं समजू नये. विचारायचं असेल तर एवढंच विचारावं, ही साधी हायड्रोजेल आहे की सिलिकॉन हायड्रोजेल, आणि हिचा डीके बाय टी किती? हा आकडा म्हणजे लेन्समधून हवा किती जाते त्याचं माप. साध्या हायड्रोजेलमध्ये तो बहुधा वीस-तीसच्या घरात असतो, सिलिकॉनमध्ये त्याच्या कित्येक पट. रोज आठ-दहा तास लेन्स लावणाऱ्यानं तरी सिलिकॉनच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग आम्ही दुकानात गेलो. कागदावर नंबराशिवाय दोन आकडे होते, बी.सी. म्हणजे लेन्सच्या आतल्या बाजूची गोलाई, आणि डाया म्हणजे तिचा व्यास. हे दोन्ही मिलिमीटरमध्ये असतात, साधारण साडेआठच्या आणि चौदाच्या आसपास. गोलाई घट्ट पडली तर लेन्स डोळ्याला आवळते, सैल पडली तर पापणीबरोबर सरकत राहते. कंपनी बदलली की हे आकडे सारखे असूनही बसणं बदलू शकतं, कारण पदार्थ आणि कड वेगळी असते. दुकानदारानं मोकळेपणानं सांगितलं, "ताई, स्टॉकमध्ये याच नंबरची दुसऱ्या कंपनीची आहे, पण ट्रायल घेतल्याशिवाय नेऊ नका." असा माणूस भेटला की दुकान सोडू नये.

खरा गोंधळ होतो तो किमतीत. वर्षाची लेन्स काचेच्या कुपीत मिळते, दिसायला सगळ्यात स्वस्त. महिन्याची खोक्यात, रोजची तीस-तीसच्या खोक्यात. दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असतील तर रोजच्या लेन्सची दोन खोकी म्हणजे एक महिना. सारखे असतील तर एकच खोकं पंधरा दिवस. हे आधी मांडून घ्यावं, नाहीतर घरी येऊन वाद होतात. आणि महिन्याची लेन्स म्हणजे पाकीट फोडल्यापासून एक महिना. तीस वेळा लावायची असा त्याचा अर्थ नाही. आठवड्यातून दोनदा लावली तरी महिन्यानं ती टाकायचीच. भाचीला लेन्स हवी होती ती सराव आणि सामन्यांपुरती. तिला महिन्याची घेतली असती तर निम्म्याहून जास्त दिवस ती डबीत पडून राहिली असती, वर लेन्स धुवायच्या-भिजवायच्या सोल्युशनचा खर्च, वर डबी निगुतीनं ठेवण्याचा ताप. रोजची लेन्स सामन्याच्या दिवशी फोडायची आणि संध्याकाळी टाकून द्यायची. हिशोब मांडला तर तिच्यासाठी तीच परवडणारी निघाली. कॉलेजला जाताना चष्मा. वर्षाच्या कुपीबद्दल मला कुणी विचारलं तर मी घेऊ नका असंच सांगते. तेवढा काळ त्याच लेन्सवर अश्रूंमधली प्रथिनं साचत राहतात, आणि डोळ्याला ते जाणवतं.

मंगळवार पेठेत बहिणीच्या घरी पहिल्यांदा लेन्स लावायची म्हणून सगळे जमले. बेसिनचं भोक आधी बंद केलं, हात साबणानं धुऊन धागे न सुटणाऱ्या टॉवेलला पुसले. लेन्स तर्जनीच्या टोकावर ठेवली आणि उजेडाकडं धरून कड बघितली. वाटीसारखी सरळ वर आलेली असेल तर बरोबर, बशीसारखी बाहेर फाकली असेल तर उलटी. उजवा डोळा आधी, दर वेळी, म्हणजे अदलाबदल होत नाही. दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटानं वरची पापणी पापण्यांच्या केसांजवळून धरायची. लांबून धरली तर पापणी मिटतेच. आजी शेजारी बसून होत्या. "अगं पोरी, वर जाऊन बसलं म्हणजे? डोक्यात गेलं तर?" त्यांना मी समजावलं की पापणीच्या आतलं आवरण वळून डोळ्याच्या पांढऱ्या भागालाच चिकटलेलं असतं, मागं जायला वाटच नाही. फार तर वरच्या पापणीखाली सरकेल, खाली बघत हळू चोळलं की येते परत. तेवढ्यात भाचीनं मान वर केली. दोन-तीनदा पापण्या मिटल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाली, "दिसायलंय की गं सगळं! कडेचं पण दिसायलंय." चष्म्याच्या फ्रेमबाहेरचं जग तिला लहानपणापासून धूसरच होतं. जास्त उणे नंबराच्या चष्म्यातून सगळं किंचित लहानही दिसतं. मैदानावर बॉलचा खरा आकार तिला त्या आठवड्यात पहिल्यांदा दिसला.

आणि मग मे महिना. गच्चीवर ब्याडगी आणि लवंगी मिरची वाळत पडलेली, दुपारभर सगळ्याजणी देठं खुडायला बसलेल्या. भाचीही होती. संध्याकाळी सराव. तिनं दोनदा साबण लावून हात धुतले आणि लेन्स लावली. तिचं ओरडणं खालच्या मजल्यापर्यंत गेलं. मिरचीचा तिखटपणा ज्या कॅप्सेसिनमुळे असतो ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. साबणाच्या एका-दोन हातांनी ते नखांच्या कडेतून जात नाही, आणि मऊ लेन्सला एकदा लागलं की निघता निघत नाही. घरात बिनमिरचीचे हात फक्त माझे होते, कारण मी तेवढ्यात पोचले होते. लेन्स मी काढली. डोळा निर्जंतुक सलाइननं पुन्हा पुन्हा धुतला, ती लेन्स तिथल्या तिथं कचऱ्यात टाकली. आग ओसरायला रात्र झाली. दुसऱ्या दिवशी बाईंनी तपासून डोळा ठीक असल्याचं सांगितलं. तेव्हापासून बेसिनच्या आरशावर चिठ्ठी आहे, भाचीच्याच हातची, चटणीच्या दिवशी लेन्स नाही. डंकावरनं चटणी आणली, कालवली, बरणीत भरली, त्या दिवशी आणि दुसऱ्या सकाळीही चष्मा.

मिरची निदान लगेच सांगते. पाणी सांगत नाही. आपल्याकडे पोरं उन्हाळ्यात पंचगंगेच्या घाटावर आणि गावाकडं विहिरीत उड्या मारतात. नळाच्या, नदीच्या, विहिरीच्या पाण्यात ॲकांथमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. एरवी तो आपल्याला काही करत नाही, पण लेन्स आणि कॉर्नियाच्या मध्ये सापडला तर महिनोन्महिने न हटणारा, अतिशय वेदनादायी आजार होतो. म्हणून लेन्स नळाखाली कधीच धुवायची नाही. डबीसुद्धा नळाखाली नाही. तिला सोल्युशननं धुवायचं, उपडी घालून कोरडी करायची, तीन महिन्यांत बदलायची. सोल्युशन रोज ताजं. कालच्यात आजचं भर घालणं म्हणजे औषधाची ताकद घालवणं. पोहताना लेन्स काढायचीच.

उसाच्या फडात जाणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगते. पात्याची धार डोळ्याला लागून बुरशीचा संसर्ग होणं ही शेतीच्या भागात नेहमीची गोष्ट आहे. लेन्सनं त्यापासून संरक्षण मिळत नाही, उलट जखम झाकली जाते. उद्यमनगरात आणि शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणाऱ्यांनाही हेच. लेन्स असली तरी वरून सेफ्टी गॉगल हवाच. वेल्डिंगच्या उजेडानं लेन्स डोळ्याला चिकटते अशी एक गोष्ट फिरते, ती खोटी आहे. ठिणगी आणि कीस मात्र खरे आहेत.

डोळा लाल झाला, दुखायला लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसायला लागलं तर लेन्स लगेच काढावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडं जावं. लेन्स आणि डबी फेकू नये, बरोबर न्यावी. जंतू कोणता ते त्यावरून शोधता येतं. सगळ्यात कळकळीनं सांगायचं ते हे, मेडिकलमधून "डोळे आलेत, थेंब द्या" म्हणून बाटली आणू नये. त्यात स्टेरॉइड असेल तर लाली उतरते, बरं वाटतं, आणि आत बुरशी किंवा अमीबा मोकाट वाढतो. अशानं दृष्टी गेलेली माणसं असतात. एवढ्याशा बाटलीनं.

लग्नसराईतल्या रंगीत लेन्सबद्दलही बोललं पाहिजे. पार्लरमध्ये नवरीला मेकअपबरोबर करड्या, मधाळ रंगाच्या लेन्स लावतात, आणि काही ठिकाणी त्याच लेन्स पुढच्या नवरीलाही जातात. नंबर शून्य असला तरी ती डोळ्यावरच बसते, तिलाही गोलाई आणि व्यास असतोच. अमेरिकेत २००५ पासून केवळ शोभेच्या लेन्सलाही वैद्यकीय उपकरण मानून डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली आहे. नवरीला रंग हवाच असेल तर तपासणी करून स्वतःची सीलबंद जोडी घ्यावी, मेकअपच्या आधी लावावी, मेकअप पुसायच्या आधी काढावी. बघण्याच्या कार्यक्रमात चष्मा लपवायला म्हणून लेन्स लावायला लावतात, त्याबद्दल माझं मत फार कडू आहे. पोरीला स्वतःला हवी असेल तेव्हा तिनं लावावी. दुसऱ्याच्या पसंतीसाठी डोळ्यात काही घालू नये.

माझ्यापुरतं सांगायचं तर वय आता आपलं काम करतंय. उणे नंबरवाल्याला जवळचं वाचायला चष्म्यापेक्षा लेन्समधून डोळ्याला जास्त जोर द्यावा लागतो, म्हणून चाळिशी लेन्स वापरणाऱ्याला आधी जाणवते. औषधाच्या पाकिटावरची तारीख मला लेन्स लावून दिसत नाही, काढली की नाकाजवळ धरून दिसते. बाईंनी दोन उपाय सांगितलेत. एका डोळ्याला लांबचं आणि दुसऱ्याला जवळचं, किंवा दोन्हींना मल्टिफोकल, म्हणजे एकाच लेन्समध्ये लांबचं आणि जवळचं. पहिल्यात रात्री गाडी चालवताना खोलीचा अंदाज चुकू शकतो, आणि माझं येणं-जाणं रात्रीचंच जास्त. मी मल्टिफोकलची ट्रायल मागवली आहे. ती येईपर्यंत लेन्सवरून साधा वाचायचा चष्मा लावते आणि भाचीच्या सामन्याला गॅलरीत बसताना तो पर्समध्ये ठेवते.